दूरचित्रवाणी संच निवडताना

दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हाती येऊ लागतात आणि बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात, चिंताकीसारख्या गावी, अनेक घरांत एकच विषय निघतो. जुना दूरचित्रवाणी संच आणखी किती दिवस ओढायचा? पडद्याच्या एका कोपऱ्यात काळा डाग पडलेला असतो, आवाज मधूनच जातो, आणि शेजारच्या घरी तर भिंत व्यापणारा मोठा पडदा आलेला असतो. मग घरातला प्रत्येकजण आपापली मागणी मांडतो. आजींना कीर्तन आणि मराठी मालिका हव्या असतात. वडिलांना बातम्या आणि क्रिकेटचा सामना हवा असतो. कानडी शाळेत शिकणाऱ्या मुलाला मात्र व्हिडिओ गेम खेळायचे असतात. पैसे एकदाच येणार, भिंत एकच, म्हणून संचही एकच. तेव्हा तो कोणासाठी आणि कशाच्या आधारे निवडावा, याचा थोडा विचार आज आपण करू.

आपल्या भागाला दूरचित्रवाणीचा परिचय तसा फार जुना आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात भारताने उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत संच बसविण्यात आले. त्यांत कर्नाटकाच्या गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर या जिल्ह्यांतील खेडी होती. एटीएस-6 हा उपग्रह अमेरिकेकडून वर्षभरासाठी वापरावयास मिळाला होता. संच मात्र आपल्याच देशात तयार झाले होते, आणि त्यांच्यासाठी लागणारी छत्री कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची होती. संच सार्वजनिक जागी ठेवलेला असे आणि गाव त्याच्यापुढे जमिनीवर बसे. पुढे 1977 साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, प्रक्षेपण केंद्रही आले.

या प्रयोगाची आठवण काढण्याचे कारण असे की त्या संचांची निवड ज्या अभियंत्यांनी केली, त्यांनी प्रथम प्रश्न विचारले ते खेड्याचे. पाहणारे किती? बसणार कोठे? वीज कशी असते? बिघाड झाला तर दुरुस्त कोण करणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर त्यांनी यंत्र ठरविले. आज आपण नेमके उलटे करतो. आधी दुकानात जातो, चकाकणारे चित्र पाहून यंत्र ठरवितो, आणि घरी आल्यावर आपले प्रश्न त्याला विचारतो. तोवर पैसे दिलेले असतात.

चिंताकीतील असे एक घर आपण डोळ्यांपुढे आणू. माळवदाचे घर, पुढे ओसरी, आत बैठकीची खोली. मुलाने मामाकडून जुना खेळाचा डबा, म्हणजे प्लेस्टेशन, आणला आहे आणि तो घरच्या संचाला जोडला आहे. थोड्याच वेळात त्याची तक्रार सुरू होते. "आजी, मी बटण आधी दाबतो आणि गडी उडी मागून मारतो. आपला टीव्हीच उशीर करतो." आजी म्हणतात, "अरे, टीव्ही म्हणजे काय तव्यावरची भाकर आहे, उशीर व्हायला? हरलास म्हणून निमित्त सांगू नकोस." वडीलही आजींचीच बाजू घेतात. नवा संच मिळावा म्हणून मुलगा ही युक्ती करीत आहे, असा त्यांचा समज होतो.

श्रोतेहो, या वादात मुलाचे म्हणणे खरे आहे. हा उशीर असतो, तो मोजता येतो, आणि संच निवडताना तो ध्यानात घेतलाच पाहिजे. आजींना तो दिसत नाही याचेही कारण आहे. घराच्या छतावरची छत्री ज्या उपग्रहाकडून चित्र घेते तो भूमीपासून सुमारे 36 हजार किलोमीटर उंचावर असतो. केंद्रातून निघालेले चित्र वर जाऊन खाली येईपर्यंत जवळजवळ पाव सेकंद गेलेला असतो. पण कीर्तन पाव सेकंद उशिरा आले म्हणून कोणाचे काय बिघडते? आपण बुवांना उत्तर देत नाही. आपण केवळ ऐकतो. खेळाचे तसे नाही. खेळ हा संवाद आहे. मुलगा बटण दाबून बोलतो आणि पडदा चित्राने उत्तर देतो. उत्तर उशिरा आले की संवाद तुटतो.

हा उशीर होतो कोठे? डब्याकडून आलेले चित्र संच जसेच्या तसे दाखवीत नाही. तो त्यावर संस्कार करतो; रंग खुलवितो, कडा धारदार करतो, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनविलेले तिसरे चित्र घालतो. मालिकेसाठी हे सारे ठीक, पण त्यात वेळ जातो. काही संचांत हा वेळ शंभर मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असतो. चेंडू बॅटीपर्यंत येण्याच्या खेळात एवढा वेळ म्हणजे त्रिफळा उडालाच म्हणून समजावे. यावर उपाय म्हणून आजच्या बहुतेक संचांत "गेम मोड" नावाची सोय असते. ती चालू केली की संच हे संस्कार बाजूला ठेवतो आणि चित्र लवकर दाखवितो. चांगल्या संचात उशीर वीस मिलिसेकंदांच्या आतही येतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की नवा संच घेण्याआधी जुन्या संचाच्या सेटिंगमध्ये ही सोय आहे का ते पाहावे. काही घरांची निम्मी अडचण तेथेच, एकही रुपया खर्च न होता, दूर होईल. नवा संच घ्यावयाचाच असेल, तर तो खेळासाठी योग्य आहे की नाही याची पहिली कसोटीही हीच: गेम मोड आहे का, आणि तो चालू केल्यावर उशीर खरोखर कमी होतो का.

आता आकाराचा विचार करू. संचाचा इंचांतील आकार पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजलेला असतो. 32 इंची संच रुंदीला सुमारे सव्वादोन फूट भरतो, आणि 43 इंची तीन फुटांहून थोडा अधिक. आकड्यांत अकरा इंचांचाच फरक दिसतो, पण पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ऐंशी टक्क्यांनी वाढते. तेव्हा बाजारास निघण्यापूर्वी भिंतीवरची जागा, फळीची लांबी आणि बसण्याच्या जागेपासूनचे अंतर टेपने मोजून कागदावर लिहून घ्यावे. पुष्कळ संचांचे पाय दोन टोकांना असतात. फळी आखूड असली तर संच तिच्यावर उभाच राहणार नाही.

अंतराचा संबंध चित्राच्या बारकाव्याशी आहे. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. "एचडी रेडी" संचात आडव्या ओळीत 1366 ठिपके असतात, "फुल एचडी"त 1920, आणि "फोर-के"त 3840. ठिपके अधिक तितके चित्र अधिक रेखीव, हे खरे. परंतु डोळ्यालाही मर्यादा आहे. साधारण निरोगी दृष्टीचा हिशेब केला तर 43 इंची पडद्यावरील फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडून वेगळे ओळखू येत नाहीत. 32 इंची एचडी रेडी पडद्याचे ठिपके सहा फुटांच्या आसपास एकमेकांत मिसळतात. म्हणजे नऊ-दहा फुटांवरून पाहणाऱ्या आजींना फोर-केसाठी दिलेले जादा पैसे दिसणारच नाहीत. मुलगा मात्र चार फुटांवर जाऊन बसतो. त्याला ते दिसतील.

पडद्याला चित्र कोठून मिळणार, हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ घरी दूरदर्शनची फ्री डिश आहे. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या सेवेला मासिक वर्गणी नाही, आणि आमच्या त्रिभाषी सीमाभागाला ती विशेष सोयीची आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहीराबाद आंध्रात, आणि औराद म्हैसूर राज्यात राहिले. नकाशावर रेघ पडली, पण लेकीबाळी त्या रेघेच्या दोन्ही अंगांना दिलेल्या होत्या आणि आजही दिल्या जातात. अशा घरात सह्याद्रीवरील मराठी, चंदनावरील कानडी आणि यादगिरीवरील तेलुगू हे तिन्ही एकाच छत्रीतून उतरतात, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र या सेवेवरील बहुतेक वाहिन्यांचे चित्र जुन्या, साध्या प्रतीचे असते. ते फार मोठ्या पडद्यावर ताणले की विरलेल्या धोतरासारखे दिसू लागते. जे घर मुख्यतः फ्री डिश पाहते, त्याने पंचावन्न इंचांचा हव्यास धरू नये.

आणखी एक बारीकशी पण त्रासदायक बाब. फ्री डिशच्या जुन्या डब्यांना लाल, पांढरी, पिवळी अशी तीन तोंडांची एव्ही तार असते. नव्या काही संचांना ती थेट लागत नाही. मध्ये वेगळी जोडतार लागते. ती खोक्यात आहे का ते दुकानातच विचारावे. तसेच एचडीएमआयची तोंडे किमान दोन, शक्य तर तीन असावीत. एक डिशच्या डब्याला, एक खेळाच्या डब्याला. नाहीतर दररोज संध्याकाळी तारा काढण्या-घालण्यावरून भांडण ठरलेले.

आता जाहिरातीत ठळकपणे छापल्या जाणाऱ्या एका आकड्याकडे वळू. हा आकडा हर्ट्झचा. पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलू शकतो ते तो सांगतो. साध्या संचात हा आकडा 60 असतो, महागड्यांत 120 किंवा त्याहून अधिक. 60 हर्ट्झला एक चित्र सुमारे 17 मिलिसेकंद राहते, 120 ला सुमारे आठ. वेगवान खेळात हा फरक जाणवतो, यात शंका नाही. पण प्रश्न असा की एवढ्या वेगाने चित्र पाठविणारा डबा आपल्याकडे आहे काय? 2013 साली आलेले प्लेस्टेशन 4 सेकंदास साठांहून अधिक चित्रे पाठवीत नाही, आणि त्याचा साधा डबा फोर-केचेही चित्र देत नाही. त्याला 120 हर्ट्झचा फोर-के पडदा जोडणे म्हणजे बैलगाडीला विमानाची चाके लावण्यासारखे आहे. 2020 नंतरचे प्लेस्टेशन 5 किंवा नवे एक्सबॉक्स घरात असेल, अथवा लवकरच यावयाचे निश्चित असेल, तरच हा जादा खर्च विचारात घ्यावा. आणि तेव्हा फोर-के चित्र 120 च्या वेगाने हवे असेल तर संचाला एचडीएमआय 2.1 चे तोंड आहे याची खात्री करावी. खोक्यावर "मोशन रेट 120" असे काही लिहिलेले असले, तर तो पडद्याचा खरा वेग असतोच असे नाही. मध्ये बनावट चित्रे घालून फुगविलेला तो आकडा असू शकतो. विक्रेत्यास स्पष्ट विचारावे: "पडद्याचा मूळ रिफ्रेश रेट किती?"

ज्या घरी डबाच नाही आणि मुले मोबाइलवरचे खेळ पडद्यावर पाहू इच्छितात, त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की बिनतारी जोडणीत उशीर पुन्हा वाढतो. तारेने जोडता आले तर उत्तम. पण प्रत्येक मोबाइल तारेने चित्र देतोच असे नाही. आपला मोबाइल बरोबर नेऊन दुकानातच जोडून पाहावा.

डोळ्यांना पाहावे लागेल असे आणखी एक आहे. आपल्या घरी मंडळी पडद्यासमोर रांगेत बसत नाहीत. कोणी उजव्या भिंतीला टेकलेले, कोणी डावीकडे शेंगा फोडीत, कोणी उंबऱ्यावर. काही पडदे बाजूने पाहिले की फिके पडतात. व्हीए प्रकारच्या पडद्यात हा दोष अधिक, पण त्यातील काळा रंग गडद असतो. आयपीएस प्रकारचा पडदा बाजूनेही ठीक दिसतो, पण अंधारात त्याचा काळा रंग करडा वाटतो. ही नावे पाठ करण्याची गरज नाही. दुकानात संचाच्या अगदी बाजूला जाऊन उभे राहावे आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग बदलतो का ते पाहावे. दुकानातील संच मुद्दाम भडक रंगात लावलेले असतात. तो भडकपणा काढून साधे चित्र दाखविण्यास सांगावे. आणि डोळे मिटून आवाज ऐकावा. आजींना ऐकू कमी येत असेल, तर बुवांचा शब्द मृदंगाच्या वर उठून कानी पडतो का, ही त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठी कसोटी आहे.

पैशाविषयी आता. आजच्या बाजारात 32 इंची संच साधारणपणे दहा ते पंधरा हजारांत आणि 43 इंची फोर-के संच वीस ते तीस हजारांत मिळतो. पूर्वी 32 इंचांवरील संचांवर 28 टक्के वस्तू व सेवा कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला. कराविना पंचवीस हजारांचा जो संच पूर्वी बत्तीस हजारांना पडे, तो या हिशेबाने साडेएकोणतीस हजारांत बसला पाहिजे. तेव्हा कोणी जुन्या किमतीशी तुलना करून "मोठी सूट" सांगू लागला, तर त्यातील कराची सूट किती आणि दुकानाची किती, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. हप्त्यांबद्दलही तसेच. "बिनव्याजी" म्हटल्यावर सारे हप्ते आणि प्रक्रिया शुल्क यांची बेरीज करावी, आणि रोखीने घेतल्यास किती पडेल ते विचारावे. रोख चोवीस हजार आणि हप्त्यांनी सव्वीस हजार असेल, तर वरचे दोन हजार म्हणजे व्याजच; नाव काहीही असो.

विजेचा भार फार नाही. 43 इंची एलईडी संचास सुमारे 80 वॅट धरले आणि तो रोज पाच तास चालला, तर महिन्यास बारा युनिटे होतात. कर्नाटकात 2023 साली गृहज्योती योजना आली तेव्हापासून युनिटांचा हिशेब घरोघर होऊ लागला आहे. ज्या घराचा वापर मर्यादेच्या काठावर आहे त्याने ही बारा युनिटेही धरून चालावीत. संचाच्या पाठीवर 100 ते 240 व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर दाब थोडा कमी-अधिक झाल्याने त्याचे सहसा बिघडत नाही. पण मृगाच्या आधी वळीव येतो, ढग गडगडतात, तेव्हा नुसते बटण बंद करून भागत नाही. विजेची पिन आणि छत्रीची तार दोन्ही काढून ठेवावी. वीज तारेतूनही घरात येते.

शेवटी नावाचा मोह. आपल्या शेजारी, औरंगाबादजवळच्या चितेगावात, व्हिडिओकॉनचे संच तयार होत आणि ते नाव मराठवाड्यात घरोघर ठाऊक होते. 2018 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उलट छायाचित्रांच्या फिल्मसाठी जगप्रसिद्ध असलेल्या कोडॅकच्या नावाचे संच आज भारतात परवाना घेऊन दुसरीच कंपनी बनविते. यात गैर काही नाही. पण नाव म्हणजे हमी नव्हे, एवढे कळले पाहिजे. आपल्यासाठी खरा प्रश्न एकच: बिघाड झाला तर कारागीर चिंताकीपर्यंत येणार, की संच पाठीवर घेऊन आपण बिदर किंवा उदगीर गाठायचे? हमी किती वर्षांची, पडद्याला ती लागू आहे का, आणि येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा, हे पावतीवर लिहून घ्यावे. फुटलेला पडदा सहसा हमीत बसत नाही, आणि तो बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या जवळपास जातो. म्हणून संच भिंतीत पक्का बसवावा आणि चेंडू अंगणात खेळावा.

तर मग आपल्या त्या घराने काय घ्यावे? बसण्याचे अंतर सात-आठ फूट असेल आणि हाती पैसे असतील, तर 43 इंची, 60 हर्ट्झचा, खरा गेम मोड असलेला, किमान दोन एचडीएमआय तोंडांचा, बाजूनेही नीट दिसणारा आणि स्पष्ट बोलणारा संच त्या घरास पुरे. खोली लहान किंवा हात आखडता असेल, तर 32 इंची फुल एचडी संच घ्यावा. मुलगा जवळ बसूनही त्यावर सुखाने खेळेल. याहून मोठ्या वस्तूसाठी पेरणीच्या पैशाला हात लावू नये. पाऊस कसा होईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि पडदा मोठा असला म्हणून बियाणे उधार मिळत नाही.

आणि बाजारास जाताना मुलाला बरोबर न्यावे. त्याने खेळाचा डबा पिशवीत घ्यावा, आजींच्या आवडीचे एखादे कीर्तन पेन ड्राइव्हवर भरून घ्यावे, आणि दोन्ही त्या पडद्यावर लावून पाहावे. ज्या मुलाची तक्रार आपण निमित्त म्हणून उडवून लावली होती, त्यालाच यंत्राची परीक्षा करावयास सांगावे. तो ती चोख करील. संच घरी आल्यावर वेळेची वाटणीही त्याच्याशीच बोलून ठरवावी; कीर्तनाची वेळ आजींची, सामन्याची वडिलांची, अभ्यास झाल्यानंतरचा तास मुलाचा. आपले म्हणणे घरात खरे मानले गेले, असे ज्याला एकदा वाटले, तो आजींच्या वेळेला आपणहून उठून वाहिनी लावून देईल.